चव हवी, वास नको

घाटकोपरहून निघणारी मेट्रो जिथे संपते, त्या स्टेशनचं नाव वर्सोवा. मी रोज त्याच्या एक स्टेशन आधी, डी. एन. नगरला उतरतो आणि दुसरी मेट्रो पकडून मालाडला ऑफिसात जातो. २०२३ च्या जानेवारीत ती दुसरी मेट्रो अंधेरीपर्यंत आली, तेव्हापासून हाच माझा रस्ता. डब्यातल्या पाटीवरचं शेवटचं नाव मी किती वेळा वाचलं असेल, देव जाणे. एक स्टेशन पुढे मात्र कधी गेलो नव्हतो.

कोळ्यांचं, म्हणजे मासेमारांचं गाव बघायला म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा गेलो ते इंग्लंडमध्ये.

गेल्या वर्षी कंपनीच्या कामासाठी दोन महिने ब्रिस्टलला होतो. टीममधल्या सगळ्यांनी सांगितलं, कॉर्नवॉल बघितल्याशिवाय परत जाऊ नकोस. एका शनिवारी गेलो. सेंट अर्थ नावाच्या स्टेशनवर गाडी बदलायची आणि तिथून समुद्राच्या कडेकडेने जाणाऱ्या छोट्या गाडीने सेंट आइव्हजला पोचायचं. ओहोटीची वेळ होती. धक्क्याच्या आत रंगीत होड्या वाळूवर टेकून उभ्या होत्या. दगडी घरं, अरुंद गल्ल्या, दारांना निळा-पिवळा रंग. बाकावर बसून तळलेला मासा आणि चिप्स खाल्ले. हातातली एक चिप सीगल घेऊन गेला, त्याचंही कौतुक वाटलं. दिवसभरात दीडशे फोटो काढले आणि रात्री घरच्या ग्रुपवर टाकले.

आईचा मेसेज आला, 'छान आहे रे. मासळी कुठे सुकवतात?'

मी परत सगळे फोटो बघितले. मासळी सुकवायची जागा कुठेच नव्हती. मग आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्या गावात मला दिवसभर कॉफीचा वास आला, व्हिनेगरचा आला, सनस्क्रीनचाही आला. मासळीचा आला नाही.

नंतर वाचलं, तेव्हा कारण कळलं. तिथल्या बऱ्याच घरांत वर्षभर कुणी राहत नाही. ती बाहेरच्यांनी सुट्टीसाठी घेतलेली दुसरी घरं आहेत. दारांशेजारी आकड्यांचं कुलूप असलेल्या छोट्या पेट्या मी पाहिल्या होत्या. त्या पाहुण्यांसाठी किल्ली ठेवायच्या पेट्या होत्या. २०१६ साली गावाने सार्वमत घेतलं आणि ८० टक्क्यांहून जास्त मतदारांनी ठरवलं, की यापुढे बांधलेलं नवं घर इथे कायम राहणाऱ्यालाच मिळेल. जुन्या घरांना अर्थातच तो नियम लागू नाही. मासेमारीचं मोठं बंदर तिथून जवळच, न्यूलिनला आहे. तिथे जा असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

आईचा प्रश्न मात्र डोक्यात राहिला.

*

परत आल्यावर जानेवारीतल्या एका रविवारी ऑफिसातल्या दोन मित्रांना घेऊन मी डी. एन. नगरला न उतरता पुढे गेलो. स्टेशनचं नाव वर्सोवा असलं तरी गाव तिथून बरंच आत आहे. रिक्षा करावी लागते. रस्ता हळूहळू बारीक होत जातो, दुकानांवरची आडनावं बदलत जातात आणि कुठल्या तरी वळणावर कळतं की आपण पोचलो. गावातले लोक गावाला वेसावे म्हणतात. 'वेसावकर आणि मंडळी'च्या कोळीगीतांवर मी चाळीतल्या प्रत्येक हळदीला नाचलोय. हे वेसावे म्हणजे आपल्या मेट्रोचं शेवटचं स्टेशन, हे तिथे उभं राहीपर्यंत डोक्यात आलं नव्हतं.

एका घराच्या पुढच्या खोलीत चार टेबलं टाकून एक मावशी जेवण घालतात. बोर्ड नाही, फोनवरच्या नकाशात मात्र नाव आहे. तांदळाची भाकरी, बोंबील फ्राय, कोळंबीचं कालवण, जवळा, भात. बोंबील बाहेरून कुरकुरीत आणि आत नुसता विरघळणारा. हा मासा म्हणजे बहुतांशी पाणीच असतं. तो दाबून, पाणी काढून, नीट तळायला हात लागतो. कालवणात काय होतं ते मावशींनी सांगितलं नाही, 'घरचा मसाला' एवढंच म्हणाल्या. आम्ही तिघं दोन-दोन भाकऱ्या जास्त जेवलो. बिल इतकं कमी आलं की मित्र म्हणाला, 'काहीतरी लावायचं राहिलंय.' काही राहिलं नव्हतं.

परतीच्या मेट्रोत मी रिव्ह्यू लिहिला. इंग्रजीत. 'जेवण अप्रतिम. घरगुती. पण गल्लीत वास फार आहे. ३ स्टार.'

चार दिवसांनी त्याखाली उत्तर आलं. मालकाच्या खात्यावरून, रोमन अक्षरांतलं मराठी. 'दादा, वास कसला होता ते सांगाल का? आमच्याकडून असेल तर साफ करतो.'

मी फोन हातात धरून बसलो. वास कसला होता? मला सांगता येईना.

*

इथे मला आमच्या घराबद्दल सांगायला हवं.

आम्ही मूळचे मालवणकडचे, पण माझा जन्म घाटकोपरचा, चाळीतला. मे महिना संपत आला की आई आगोटीची खरेदी करायची. सुके बोंबील, सोडे, सुकट. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, समुद्र खवळलेला, मासळीला अंडी घालायला मोकळीक. त्या ६१ दिवसांत घरात जे काही समुद्राचं शिजायचं, ते या डब्यांतून. बाहेर पाऊस, आत तव्यावर बोंबील भाजला जातोय, आणि चाळीतल्या सगळ्यांना कळतंय की कुणाकडे काय आहे. कुणी नाक मुरडायचं, कुणी वाटी घेऊन यायचं. नाक मुरडणारेही शेजारीच असायचे. दुसऱ्या दिवशी नळावर बोलणं व्हायचंच.

२०१९ मध्ये चाळ पाडून झालेल्या बिल्डिंगमध्ये आम्ही नवव्या मजल्यावर राहायला आलो. लिफ्ट, दोन बेडरूम, आईला पहिल्यांदाच स्वतःचं स्वयंपाकघर. दुसऱ्याच महिन्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. काही घरांतून उग्र वासाचं जेवण बनतं, इतरांचा विचार करावा, अशी विनंती. कुणाचं नाव नाही, कसला नियम नाही, भांडण तर नाहीच. खाली आठ-दहा जोडलेले हात.

आईने तो मेसेज वाचलाही नव्हता. तिला तो मी वाचून दाखवला आणि वर मीच म्हणालो, 'आई, थोडे दिवस सुकं नको करूस. नवीन जागा आहे, उगाच लोकांच्या नजरेत यायला नको.'

ती वाद घालेल असं वाटलं होतं. तिने फक्त 'बरं' म्हटलं. रविवारी तिने तिन्ही डबे मावशीकडे भांडुपला पाठवून दिले. त्या 'थोड्या दिवसांना' आता सहा वर्षं झाली.

तर, ज्या मुलाने आपल्याच आईचा बोंबलाचा डबा घराबाहेर काढला, तोच मुलगा वेसाव्याला जाऊन बोंबील चाटून-पुसून खातो आणि वासाचे दोन स्टार कापतो. 'वास कसला होता?' या प्रश्नावर मी का अडकलो, ते मला तेव्हा समजलं.

जॉर्ज ऑर्वेलने १९३७ साली 'द रोड टू विगन पियर' या पुस्तकात इंग्लंडमधल्या वर्गभेदाबद्दल लिहिताना नेमकं नाकावर बोट ठेवलं होतं. त्याचं म्हणणं असं, की आपल्यासारख्या मध्यमवर्गीय मुलांना लहानपणी शिकवलं जातं, की खालच्या वर्गातल्या लोकांना वास येतो. मतभेद वाद घालून मिटू शकतात, पण अंगात भिनलेली ही किळस वादाने जात नाही. मी हे वाचलं तेव्हा आधी आपल्याकडची जातच आठवली. मग सोसायटीचा तो मेसेज आठवला. कुणीही 'तुम्ही लोक' म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती. 'वास' या एका शब्दात सगळं मावतं, आणि वर तो शब्द तक्रार म्हणून अगदी सभ्य वाटतो.

*

मी पुन्हा वेसाव्याला गेलो. या वेळी एकटा आणि पहाटे. रिव्ह्यूला उत्तर लिहिणारा मावशींचा भाचा निघाला. त्याला फोनवर सांगितलं होतं की वास कसला ते बघायला येतोय. तो हसला. म्हणाला, 'या. सहाला या.'

बंदरावर तेव्हा बाजार उभा राहिला होता. होड्यांतून मासळी उतरत होती, बर्फ फुटत होता, डिझेलचा धूर होता. लिलाव बायका करत होत्या आणि इतक्या वेगाने, की मला एकही आकडा धड कळला नाही. समुद्रात पुरुष जातात, पण मासळी किनाऱ्याला लागली की तिचा हिशोब बायकांच्या हातात. मावशी मला बघून म्हणाल्या, 'तू तोच ना, तीन स्टारवाला?' आजूबाजूच्या दोघी-तिघी हसल्या. मीही हसलो. दुसरं काय करणार!

भाच्याने मला डोल जाळ्याबद्दल सांगितलं. या जाळ्याचं तोंड समुद्रात एका जागी बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीचा प्रवाह मासळी त्यात आणून भरतो. प्रवाह उलटायच्या आत जाळं ओढायला हवं. त्यामुळे कामाची वेळ घड्याळ ठरवत नाही, पाणी ठरवतं. बोंबील, जवळा, मांदेली ही अशी येते. बोंबील तर इतका नाजूक, की तो लगेच विकायचा नाहीतर लगेच सुकवायचा. पुढे गेल्यावर वलांडी दिसल्या. बांबूंना आडव्या दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर हजारो बोंबील, दोन-दोन, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून लटकवलेले. आईने विचारलेली जागा ही होती. कॉर्नवॉलच्या दीडशे फोटोंत जी नव्हती, ती माझ्या रोजच्या मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर होती.

मी तिथे उभं राहून, थोडं मूर्खासारखं, वास घेतला. ताज्या मासळीचा वास वेगळा. तो जवळजवळ नुसता खारा असतो, ओल्या दोरखंडासारखा. सुकणाऱ्या बोंबलाचा वेगळा. तो मला ओळखीचा होता. माझ्या लहानपणीच्या जूनचा वास होता तो.

पण गल्लीत मला नकोसा झालेला वास यांपैकी नव्हता. तो आम्हाला मावशींच्या घराकडे परत जाताना सापडला. गावाच्या कडेने एक नाला वाहतो. तो मागच्या बिल्डिंगांकडून येतो आणि खाडीला मिळतो. मी थांबलो. म्हणालो, 'हा. हा वास होता.'

मावशी म्हणाल्या, 'हा आमचा नाय, बाबा. हा तुमच्याकडून येतो.'

त्यात राग नव्हता. पत्ता सांगावा तसं सांगितलं त्यांनी. आणि ते खरंच होतं. या खाडीत पश्चिम उपनगरांचं सांडपाणी येतं. माझं मालाडचं ऑफिस त्याच खाडीच्या वरच्या अंगाला आहे. आमच्या काचेच्या इमारतीत वास अजिबात येत नाही. शेजारचा किनाराही बघा. २०१५ च्या ऑक्टोबरपासून अफरोझ शाह आणि त्यांच्यासोबतचे लोक वर्सोव्याचा किनारा साफ करत आले. २०१८ च्या मार्चमध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं दिसली तेव्हा सगळ्या देशाला आनंद झाला. पण किनारा पुन्हा पुन्हा साफ करावा लागतो, याचा अर्थ कचरा पुन्हा पुन्हा येतो. भाचा म्हणाला, जाळ्यात मासळीसोबत प्लास्टिक येतं आणि ते वेगळं काढण्यात तासन्‌तास जातात. त्या तासांचे पैसे मी खाल्लेल्या बोंबलाच्या किमतीत नव्हते.

थोडक्यात, मी मावशींचे दोन स्टार कापले ते माझ्याच शहराच्या गटारासाठी.

निघताना मी त्यांना म्हणालो, 'मासळीच्या वासाबद्दल मी उगाच बोललो.' त्या म्हणाल्या, 'त्याचं काय वाईट वाटायचं? ज्या दिवशी बंदरावर वास नाय, त्या दिवशी समज, होड्या रिकाम्या आल्या.'

*

आता मुख्य प्रश्न. मी नेमकी काय चूक केली?

ऑफिसातला मित्र म्हणाला, 'काहीच नाही. वास होता, तू लिहिलंस. खरं लिहिणं हा रिव्ह्यूचा धर्म आहे.' मुद्दा बरोबर आहे. मी खोटं लिहिलं नव्हतं. पण माझा धंदा सॉफ्टवेअरचा आहे, आणि यादीत वर कोण आणि खाली कोण हे ठरवणारा कोड मी स्वतः लिहिलेला आहे. आकड्याला कारण कळत नाही. माझा 'वास', कुणाचा 'उशीर झाला', कुणाचा 'जेवणात केस सापडला' हे सगळं एकाच सरासरीत जातं. चार टेबलांच्या घरगुती खाणावळीला रिव्ह्यूच मोजके असतात, त्यामुळे एक ३ सुद्धा तिला खाली ओढतो. खरं सांगणं वेगळं आणि त्या खऱ्याची शिक्षा कुणाला मिळते हे बघणं वेगळं. मी पहिलं केलं, दुसरं केलं नाही.

यातून मी स्वतःसाठी एक साधा नियम बनवला. ज्या कामाचं फळ मी मजेत खातो, त्या कामाची न टाळता येणारी गैरसोय मला मान्य असली पाहिजे. टाळता येणारी असेल, तर ती कुठून येते ते आधी शोधलं पाहिजे. मासळीचा वास पहिल्या प्रकारातला. नाला दुसऱ्या प्रकारातला. चव हवी पण वास नको म्हणणं म्हणजे काम हवं, पण काम करणारा दिसायला नको, असं म्हणणं.

ही सवय फक्त नाकाची नाही. वरळीला कोस्टल रोडच्या पुलाचे खांब कोळ्यांच्या होड्या जातात त्या वाटेत येत होते. दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर ठरलं होतं. कागदावर ६० मीटर भरपूर वाटतात. खवळलेल्या पाण्यात होडी आडवी सरकते तेव्हा ते किती उरतात, हे होडी चालवणाऱ्यालाच माहीत. वरळीच्या मच्छीमारांनी काम अडवलं, भांडले, आणि शेवटी एक खांब कमी करून ते अंतर १२० मीटर करायचं ठरलं. म्हणजे बदल शक्य होता. फक्त नकाशा काढताना त्या वाटेने कोण जातं, हे विचारलं गेलं नव्हतं. आता वर्सोव्याच्या समोरही समुद्रात पुलाचं काम चालू आहे. त्यावरून जाताना मलाही समुद्र सुंदर दिसेल, यात शंका नाही.

पण माझ्या नियमाची मलाच लगेच भीती वाटली, कारण तो दुसऱ्या टोकाला फार सहज जातो. 'किती अस्सल आहे हे गाव, असंच राहायला हवं,' असं मी भाच्यासमोर बोलून गेलो. तो आयटीचा कोर्स करतोय. त्याने विचारलं, 'तुमच्या कंपनीत फ्रेशर घेतात का?' मी म्हणालो, घेतात. मग तो म्हणाला, 'दादा, गाव असंच राहायला हवं म्हणजे मी होडीवर जायला हवं का?'

याला उत्तर नाही. माझे वडील गिरणगावातून घाटकोपरला आले, मी इंजिनिअर झालो, तेव्हा 'अस्सल राहा' असं आम्हाला कुणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्याच्या मुलाने माझ्या फोटोसाठी जाळं ओढावं, अशी अपेक्षा मी कुठल्या तोंडाने करू? थंडीच्या दिवसांत वेसावकर स्वतः सीफूड फेस्टिव्हल भरवतात. बायका नटून-थटून स्टॉल लावतात, अख्खं उपनगर जेवायला येतं. तिथे ते यजमान असतात, कुणाच्या फोटोतला देखावा नसतात. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. गाव टिकवायचं की बदलायचं, हे त्यांनी ठरवावं. माझं कर्तव्य एवढंच, की माझ्यामुळे त्यांना जावं लागू नये. सेंट आइव्हजमध्ये मासेमारांना कुणी हाकललं नव्हतं. गाव फक्त पाहुण्यांना फार आवडलं.

*

घाटकोपरचं काय?

इथे माझा नियम अपुरा पडतो, आणि हे मला बरेच दिवस टोचत होतं. मावशींच्या गल्लीत मी बोंबील खाल्ला होता, म्हणून वास सोसणं माझं कर्तव्य. पण आमच्या शेजारचे काका जैन आहेत. त्यांना बोंबलाची चव नकोच आहे. मग त्यांनी वास का सोसावा? त्यांना मळमळतं हे ढोंग नाही. लिफ्टमध्ये मी त्यांचा चेहरा बघितलाय. त्यांच्यासाठी तो एका मेलेल्या जिवाचा वास आहे. 'आमची संस्कृती' असं म्हणून मी तो त्यांच्या घरात ढकलला, तर मीही तेच करतोय, जे नाला वेसाव्यात करतो.

पुष्कळ विचार करून मला एवढंच सापडलं, की 'हे कमी करता येईल का?' हा एक प्रश्न आहे आणि 'हे तुमच्याकडे असूच नये' ही वेगळी मागणी आहे. पहिला शेजाऱ्याचा हक्क आहे. दुसरी मागणी शेजार नाकारते. आणि पहिला प्रश्न ग्रुपवर विचारता येत नाही, तो दारात उभं राहूनच विचारावा लागतो. ग्रुपवर कुणाचं नाव नसतं, म्हणून कुणाला उत्तरही देता येत नाही. सहा वर्षांपूर्वी कुणीच आमच्या दारात आलं नव्हतं. पण मग मी तरी कुठे कुणाच्या दारात गेलो होतो? मी सगळ्यांच्या वतीने आईला नाही म्हणून टाकलं, आणि त्याला समजूतदारपणा म्हटलं.

वेसाव्याहून अर्धा किलो सुके बोंबील आणले होते. तीन पिशव्यांत गुंडाळून ते दोन दिवस माझ्या ऑफिसच्या बॅगेत पडून होते. तिसऱ्या दिवशी शेजारची बेल वाजवली. काकांनी दार उघडलं. मी सरळ सांगितलं, आई सुके बोंबील करणार आहे, वास येईल, तुम्हाला कधी चालेल?

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'बेटा, मला तो वास आवडत नाही. आवडणार पण नाही.'

'माहीत आहे काका.'

'आम्ही सूर्यास्ताच्या आधी जेवतो. तेवढा वेळ सोडा. आणि पर्युषणात नको.'

'बरं.'

'नंतर करा. आम्ही खिडकी लावून घेऊ.'

दार बंद झालं. त्यात प्रेम वगैरे काही नव्हतं. मी बाहेर थोडा वेळ उभा राहिलो. सहा वर्षं अडलेली गोष्ट दोन मिनिटांत झाली होती, आणि त्याचा आनंद व्हावा की लाज वाटावी, ते ठरत नव्हतं.

आईला पुडी दिली. तिने ती उघडली, एक बोंबील मोडून बघितला, म्हणाली, 'चांगला सुकलाय. कुठून आणलास?' वेसाव्याहून म्हटल्यावर तिला फार आश्चर्य वाटलं. 'एवढ्या जवळ मिळतो?'

साडेआठला तिने तवा ठेवला. त्याआधी तिने स्वतःहून स्वयंपाकघराचं दार लावलं, एक्झॉस्ट लावला, खिडकीची फट तपासली. मी म्हणालो, 'अगं, विचारलंय मी त्यांना.' ती म्हणाली, 'विचारलंस ते बरं केलंस. म्हणूनच लावते.'

जेवण झाल्यावर मी जुना रिव्ह्यू काढला. पाच स्टार केले, आणि भाच्याच्या प्रश्नाखाली, सहा महिने उशिरा, उत्तर लिहिलं: 'वास नाल्याचा होता. तुमचा नव्हता.' मग आमच्या वॉर्डाऐवजी त्या नाल्याच्या वॉर्डात तक्रार कशी नोंदवायची, ते शोधत बसलो. तक्रार नोंदवली. क्रमांक आला आहे. नाला अजून तसाच आहे.